आमच्या किचनमधली मेणबत्ती

पहिली मेणबत्ती लायसन्सवाल्या काकांनी लावली. तेव्हा त्यांना कुणी लायसन्सवाले काका म्हणत नसे. ते मूळचे वसईचे, आमच्यासारखेच ख्रिस्ती. दुबईत जबल अलीतल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते आणि देऱ्यात आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये इतर बॅचलरांसोबत, म्हणजे कुटुंब गावी ठेवून आलेल्या पुरुषांसोबत, एका खोलीत राहायचे. माझी आत्या ज्या लोकांना घरचा डबा करून द्यायची, त्यांच्यापैकी ते एक. ते सगळे तिला मावशी म्हणायचे. आत्याला जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. शुक्रवारच्या सुट्टीची चर्चमधली मिस्सा आटोपून ते आले, दारात बूट काढले आणि मम्मीला म्हणाले, "वहिनी, दोन मिनिटं किचनमध्ये जाऊ का?"

मम्मीला वाटलं, पाणी हवं असेल. ते आत गेले, खिशातून एक बारीक मेणबत्ती काढली, गॅसवर पेटवली आणि ओट्याच्या कोपऱ्यात थोडं मेण पाडून त्यावर उभी केली. आत्या जिथे पोळपाट ठेवायची, बरोबर तिथे. मग हात जोडून उभे राहिले.

"मावशीला बोललो होतो, पास झालो तर लावीन," ते म्हणाले. "झालो!"

"कशात?" मम्मीने विचारलं.

"ड्रायव्हिंगमध्ये, वहिनी! तो पोलीस बाजूला बसला, यल्ला, चल, म्हणाला, आणि मी मनात म्हटलं, मावशी, आता तूच बघ."

मी पॅसेजमध्ये उभी होते. मला हसू आवरेना म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. दुबईत ड्रायव्हिंगची टेस्ट पास होणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. काका इतक्यांदा नापास झाले होते की टेस्टच्या दिवशी खोलीतले लोक त्यांना निकाल विचारायचेच नाहीत, नुसता चहा पुढे करायचे. पण आत्या? आत्याला गाडी लागायची. मागच्या सीटवर लिंबू नाकाशी धरून, डोळे मिटून ती बसायची आणि राउंडअबाउट आला की मोठ्याने 'नमो मरिये' ही प्रार्थना सुरू करायची. स्वर्गात तिच्याकडे गाड्यांचं खातं कुणी दिलं असेल असं मला वाटेना.

आत्या पप्पांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. बरीच वर्षं ती सासूजवळ राहिली आणि मग पप्पांनी तिला आमच्याकडे आणलं. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. डब्यांचं तिने ठरवून काही केलं नाही. चर्चच्या आवारात एक मुलगा खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, आणि लोणचं खाताना तिने पाहिला, त्याला घरी आणून जेवू घातलं, पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्याला आणलं. हळूहळू आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी डब्यांची रांग लागायला लागली. डबा देताना ती प्रत्येकाची झाडाझडती घ्यायची. "दाढी का नाही केलीस? कोण मेलंय?" "हा शर्ट परवाचाच ना? साबण महाग झालाय का इथे?" माणसं मान खाली घालून ऐकायची. सगळ्यांना ते हवं असायचं, हे मला लहानपणीही कळत होतं.

माझ्याशी तिचं वेगळं होतं. मी घरातही इंग्लिशमध्येच उत्तर द्यायचे. ती रागवायची नाही, फक्त ऐकूच आलं नाही असं करायची. मी "आय अॅम नॉट हंग्री" म्हटलं की ती ताट वाढायची. शेवटी उपाशी राहायचं असेल तरी मला मराठीतच सांगावं लागायचं. आज मी हे मराठीत लिहू शकते ते तिच्या त्या बहिरेपणामुळे.

तिला वसईला नेऊन पुरलं. पप्पा पेटीबरोबर गेले. माझी परीक्षा चालू होती, म्हणून मम्मी आणि मी देऱ्यातच राहिलो. डबेवाल्या लोकांपैकी तर कुणालाच जाता आलं नाही. त्यांच्यासाठी आत्याची कबर नव्हतीच. होतं ते आमचं किचन.

काकांच्या मागोमाग बाकीचे यायला लागले. एकाच्या बायकोचा व्हिसा झाला, एकाच्या आईची साखर उतरली, एकाला कंपनीने काढता काढता ठेवून घेतलं. प्रत्येकाने मावशीला सांगितलेलं होतं. ओट्यावर मेणाचे ठिपके जमायला लागले तशी मम्मी वैतागली.

"हे मेण खरवडून माझी नखं गेली," ती म्हणाली. "लावायचीच तर यात लावा." आणि तिने एक स्टीलची बशी काढून त्या कोपऱ्यात ठेवली.

बशी ठेवल्यामुळे ते थांबेल असं तिला वाटलं असावं. उलट ते पक्कं झालं. आता जागा ठरली, भांडं ठरलं. एकाने आत्याचा एक जुना डबा मागून नेला. काका सांगत, तो त्यात जेवत नाही, पलंगाच्या वरच्या फळीवर घासून-पुसून ठेवलाय आणि कामावर जाताना त्याला हात लावून जातो.

पप्पा या सगळ्यात कधी बोलले नाहीत. कुणी मेणबत्ती घेऊन आलं की ते पेपर उघडायचे. मला वाटायचं, त्यांना बरं वाटत असेल.

त्याच वर्षी माझा दृढीकरणाचा वर्ग होता. हा संस्कार घेण्याआधी एक वर्ष दर शुक्रवारी चर्चच्या आवारात शिकायला जावं लागे. शिकवणारे फादर म्हातारे, मंगळूरकडचे, पायात कायम चपला. त्यांनी प्रत्येकाला एकेक विषय निबंधासाठी दिला. मी मागच्या बाकावर भिंतीला लागून बसायचे, त्यामुळे माझ्यापर्यंत आला तो कुणालाच नको असलेला विषय: संत जाहीर करायची पद्धत नव्हती, तेव्हा संत कसे ठरायचे?

चर्चच्या लायब्ररीत एक जाड पुस्तक होतं. मी ते तिथेच बसून वाचायचे. मला वाटलं होतं, पूर्वीही कुणीतरी अर्ज करत असेल, कुठेतरी शिक्का बसत असेल. आमचं सगळं आयुष्यच तिथे शिक्क्यांवर चालायचं. पण पहिल्या कित्येक शतकांत तसं काहीच नव्हतं. श्रद्धेसाठी कुणाला मारलं की गावातले ख्रिस्ती लोक त्याची हाडं गोळा करायचे, नीट पुरायचे आणि दर वर्षी त्याच दिवशी कबरीपाशी जमायचे. मेला त्या दिवसाला ते त्याचा जन्मदिवस म्हणायचे. तिथे प्रार्थना व्हायची, बरोबर आणलेलं जेवण व्हायचं. कबरीला लावलेला कापडाचा तुकडा लोक घरी न्यायचे. पुढे छळ थांबला तेव्हा न मारले गेलेले पण चांगलं जगलेले लोकही त्यात आले. कुणाचं काम झालं, कुणाचा ताप उतरला, की गर्दी वाढायची. बिशप बहुतेक वेळा नंतर यायचे. ते कबरीवर मिस्सा करायचे, नाव यादीत घालून वेदीवरून वाचायचे, क्वचित अवशेष उचलून चांगल्या जागी ठेवायचे, आणि झालं. रोमने हे काम आपल्या हातात घ्यायला जवळजवळ हजार वर्षं लागली.

हे वाचताना मला सारखा आमचा ओटा दिसत होता. निबंधात मी त्यातलं अक्षरही लिहिलं नाही. घरातलं बाहेर सांगायची मला सवय नव्हती, आणि वर्गातल्या मुलांनी 'युअर आंटी इज अ सेंट?' असं विचारलेलं मला सहन झालं नसतं.

आत्याच्या वर्षाची मिस्सा जवळ आली. आमच्याकडे मिस्सा कशासाठी आहे ते आधी चर्चच्या ऑफिसात सांगून ठेवावं लागतं. मग ते मिस्सेच्या सुरुवातीला वाचून दाखवतात. एका शुक्रवारी माझा वर्ग सुटल्यावर पप्पा मला घेऊन ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी तारीख पाहिली.

"ऑलरेडी बुक्ड, सर. सेम नेम. थँक्सगिव्हिंग."

"थँक्सगिव्हिंग कसलं? शी इज डेड," पप्पा म्हणाले.

"येस, सर. थँक्सगिव्हिंग फॉर फेवर्स रिसीव्ड." बाई कौतुकाने हसल्या. "युअर सिस्टर? यू मस्ट बी सो प्राउड."

डबेवाल्यांनी आमच्या आधीच येऊन आभाराची मिस्सा सांगून ठेवली होती. पप्पा "थँक यू" म्हणाले आणि बाहेर आले. गाडीत बसून त्यांनी एसी लावला, पण गाडी सुरू असूनही हलवली नाही. काचेबाहेर फिलिपिनो बायका छत्र्या घेऊन पुढच्या मिस्सेला चालल्या होत्या.

"तुझा तो निबंध," ते म्हणाले. "संत करायला बिशपची परमिशन लागते ना? रोमहून काहीतरी यावं लागतं ना? असं कुणीही उठून करू शकत नाही ना?"

त्यांना 'हो' हवं होतं हे मला कळलं. "नाउ, येस," मी म्हणाले. "बट नॉट इन द बिगिनिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी लोकच ठरवायचे. बिशप नंतर यायचे."

पप्पांनी एसीची जाळी उगाच वर-खाली केली. मग म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये तिने माझ्याकडून वचन घेतलंय. म्हणाली, दर वर्षी माझ्या आत्म्यासाठी मिस्सा सांग. आणि तू एकटा नको, सगळ्यांना बसव प्रार्थनेला. चांगली बाई होती, गेली सरळ वर, असं म्हणून मोकळे होऊ नका. मला गरज आहे."

"व्हाय?"

"सासूशी तिचा अबोला होता. एका घरात राहून. भावोजी गेल्यावर सासू काहीतरी टोचून बोलली आणि हिने बोलणंच टाकलं. ताट वाढायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही. वर्षानुवर्षं. मग इथे आली. ती म्हातारी शेवटी सारखी हिला बोलवत होती. मी तिकीट काढतो म्हटलं, तर ही म्हणाली, डब्यांचं कोण बघणार? म्हातारी गेली." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तिच्या मनातून ते कधी गेलं नाही. आता हे लोक तिच्याकडे मागतायत, तिचे आभार मानतायत. तिला संत करून टाकलं तर तिच्यासाठी प्रार्थना कोण करणार?"

या प्रश्नाचं उत्तरही त्या पुस्तकात होतं. ज्याला लोकांनी संत मानलं त्याच्यासाठी मग प्रार्थना करत नसत. तसं करणं त्याचा अपमान समजायचे, आता त्यानेच आपल्यासाठी करायची. हे मी पप्पांना सांगितलं नाही. दुसरं सांगितलं. रोमच्या जमिनीखाली त्या काळच्या ख्रिस्ती लोकांच्या कबरी आहेत. तिथल्या भिंतींवर लोकांनी खरडून ठेवलंय. काही ठिकाणी लिहिलंय, देव तुला विसावा देवो, आणि काही ठिकाणी, आमच्यासाठी विनवणी कर. एकाच ठिकाणी दोन्ही.

"एकाच माणसासाठी दोन्ही?"

"समटाइम्स, येस."

"मग त्या माणसाचं काय झालं?"

"पप्पा, हाउ वुड दे नो?"

त्यांना हसू आलं. गाडी बंद करून ते उतरले आणि फादरांना गाठायला परत आत गेले. मीही मागे गेले. फादर जिन्यात उभ्या-उभ्या केळं खात होते. पप्पांनी हिंदीत सगळं सांगितलं, सासूचं सोडून.

"देखो, थँक्सगिव्हिंग तो भगवान का है, उसमें क्या प्रॉब्लेम," फादर म्हणाले. "नाम मैं मरे हुए लोगों के साथ ही पढूँगा, चर्च ने उसको सेंट नहीं बोला है. और आप उसके लिए प्रार्थना करो. उसको नहीं चाहिए होगा तो गॉड फेंकेगा नहीं, किसी और को दे देगा."

"और वो लोग?"

"वो लोग मेरे किचन में नहीं आते, आपके किचन में आते हैं. आप बोलो." आणि माझ्याकडे बघून इंग्लिशमध्ये म्हणाले, "युअर एसे इज व्हेरी ड्राय. व्हेअर आर द पीपल?" मी चपलांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर पप्पांनी मम्मीला सांगितलं की ते सगळ्यांना सांगणार आहेत. मम्मीने भाजी चिरायची थांबवली.

"काय सांगणार? ताई सासूशी बोलत नव्हती? चार परक्या पुरुषांत?"

"त्याशिवाय ते का करतील? नुसतं म्हटलं प्रार्थना करा, तर म्हणतील, मावशीला कसली गरज."

"त्यांची केवढी माया आहे हो तिच्यावर. ती तुटेल. ताई आता तुम्हाला अडवायला येत नाही म्हणून तिची झाकली मूठ उघडायची?"

"तिनेच सगळ्यांना बसव म्हटलंय."

"कारण सांगून बसव असं म्हटलंय का?"

पुढचे काही दिवस पप्पा जेवताना मध्येच थांबायचे. सांगितलं तर बहीण त्या लोकांच्या नजरेतून उतरणार, न सांगितलं तर वचन मोडणार. मी दोघांची तोंडं बघत जेवायचे. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मम्मीच्या बाजूने बोलले असते.

वर्षाच्या दिवशी मिस्सा झाली. फादरांनी शब्द पाळला, मृतांसाठीच्या प्रार्थनेत आत्याचं नाव घेतलं. मिस्सेनंतर सगळे डबेवाले आमच्याकडे जेवायला आले. मम्मीने आत्याच्या पद्धतीचं मटण केलं होतं, गावाहून आलेल्या मसाल्याचं, आणि त्यासोबत फुग्या, त्या तळलेल्या गोल पोकळ पावासारख्या. आत्या त्या हाताच्या मुठीतून पिळून सोडायची. मम्मीच्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. हॉलमध्ये जमिनीवर पेपर अंथरून लोक बसले. बशीत मेणबत्त्यांना जागा उरली नव्हती, म्हणून मी दुसरी बशी काढून दिली.

जेवायला सुरुवात व्हायच्या आधी पप्पा किचनच्या दारात उभे राहिले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "मला तुमच्याकडे काहीतरी मागायचंय."

पप्पांनी सांगितलं. अबोला, म्हाताऱ्या बाईचं बोलावणं, न काढलेलं तिकीट, हॉस्पिटलमधलं वचन. त्यांनी काही मऊ करून सांगितलं नाही. आवाज मात्र एखाद्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसा कोरडा होता, आणि हाताने दाराची चौकट घट्ट धरलेली. मम्मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी लोकांकडे बघत होते. 'डब्यांचं कोण बघणार' हे ऐकल्यावर काकांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते डबे यांचेच होते.

मग डबा फळीवर ठेवणारा माणूस हळूच म्हणाला, "मला रोज विचारायची, आईला फोन केलास का. मला वाटायचं, उगाच कटकट करते."

"त्या सासूबाईंचं नाव काय?" काकांनी विचारलं.

पप्पांनी नाव सांगितलं. इतक्या वर्षांत आमच्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"मग दोघींसाठी म्हणू," काका म्हणाले. ते उठून गुडघ्यांवर बसले. पाहता पाहता सगळेच बसले, ताटांच्या मधूनमधून. "मावशीला विसावा मिळू दे, आणि त्या म्हातारीला पण. दोघींना बोलायला लाव, देवा."

"एकत्र?" मम्मीच्या तोंडून निघालं. डोळे पुसत होती, तरी म्हणाली. "आता वर जी भांडणं होतील!"

हसण्याचा एवढा मोठा आवाज झाला की शेजारच्या मलबारी काकूंनी दार उघडून पाहिलं. त्या हसण्यातच पप्पांनी जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा 'नमो मरिये', सुरू केलं. मराठीत. मी उत्तरं दिली, बाकीच्यांसारखीच मोठ्याने. मटण गार झालं.

जेवून झाल्यावर एकजण हात धुता धुता पप्पांजवळ आला. "भाऊ, आता मागितलं तर चालेल ना? माझा पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. अबुधाबीला."

पप्पांनी विचार केला. "आधी तिच्यासाठी म्हण. मग तिच्याकडे माग."

"आणि सासूबाई?"

"त्यांच्यासाठी पण."

मेणबत्त्या थांबल्या नाहीत. आमच्या घरी पप्पांचा हा नियम मात्र पक्का झाला आणि तो मोडण्याची कुणाची छाती झाली नाही. पुढे माणसं पांगली. कुणी अबुधाबीला, कुणी परत वसईला. काका शारजाला राहायला गेले, स्वतःची गाडी घेतली. अजूनही त्यांचा अधूनमधून फोन येतो. मी उचलला तर पहिल्यांदा माझी चौकशी, मग पप्पांना द्यायला सांगतात. पप्पा फोन कानाला लावून उभे राहतात, गंभीर चेहऱ्याने.

"म्हटलंस का दोघींसाठी?" ते विचारतात.

पलीकडून लांबलचक काहीतरी येतं.

"बरं," पप्पा म्हणतात. "सांग आता. काय काम आहे?"